बिनवासाचं सोल्युशन

चामडं चिकटवायच्या जुन्या सोल्युशनचा एक गुण मान्य करायलाच हवा, ते चोरून काही करत नव्हतं. डबा उघडला की खाली जिन्यापर्यंत कळायचं. डोळ्यांना धारा लागायच्या, दुपारपर्यंत डोकं ठणकायचं, आणि घरी गेलं की घरचे म्हणायचे, आधी अंघोळ कर, मग बोल. त्यामुळे थंडी असो की वारा, बुटांच्या त्या कारखान्यातल्या चारही खिडक्या सताड उघड्या असायच्या. मग मालकाने नवं सोल्युशन आणलं. त्याला वास म्हणाल तर नावापुरता, पेट्रोल पंपावरून लांबून गेल्यासारखा. बायका खूश झाल्या. ताईने डबा नाकाशी नेला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "घ्या, आजपासून नाकाला सुट्टी."

ताई तिथली मुकादम. चौदा बायका तिच्या हाताखाली, आणि चौदाही जणी तिला ताईच म्हणायच्या, तिच्याहून मोठ्या असलेल्यासुद्धा. लाकडाच्या वखारीवरचा दुसरा मजला, मधोमध पत्रा मारलेलं लांबलचक टेबल. बुटाच्या वरच्या चामड्याला कडेने सोल्युशन लावायचं, आतल्या अस्तराला लावायचं, ते जरा ओढ धरेपर्यंत थांबायचं, मग कड दुमडायची आणि हातोडीने ठोकायची. दिवसभर हेच. ताई दाराशी खुर्ची टाकून तयार माल तपासायची. वाकडी कड दिसली की नाव घेऊन सुनवायची, आणि तिचं ते सुनावणं ऐकायला बाकीच्या कान टवकारून बसायच्या.

नवं सोल्युशन वाऱ्याला फार नाजूक. खिडकी उघडी राहिली की डब्यात साय धरायची, ब्रशला गुठळ्या यायच्या. त्यात त्या वर्षी थंडी अशी, की बोटं वळेनात. ताईने आपल्या हाताने चारही खिडक्या लावल्या, फटींत कागद कोंबले आणि मालकाच्या मागे लागून एक हीटर मिळवला. माणसाचं हे असं आहे बघा. जे नाकाला टोचत नाही ते विष नाही, असं आपलं आपणच ठरवून टाकतो. नाकाला काय कळतंय? पण तेव्हा सगळ्या ताईला म्हणाल्या, तुझ्यामुळे सुखाचे दिवस आले.

आता सुतळीबद्दल. सुतळी म्हणजे ताईची सख्खी धाकटी बहीण. ताडासारखी उंच आणि अंगाने काडी, म्हणून कारखान्यात तिला सुतळी म्हणायचे, आणि तीही कुणी विचारलं तर हेच नाव सांगायची. ताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, सुतळीचं लग्न झालेलं नव्हतं, दोघी बहिणी दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. सुतळीचा हात म्हणजे हात होता. ब्रश बाजूला ठेवून बोटानेच सोल्युशन लावायची, "ब्रशला अक्कल नसते" म्हणायची, आणि तिची कड बघून मालकही गप्प बसायचा. हीटर आल्यावर ताईने तिला हीटरजवळची जागा दिली. आतला कोपरा, भिंतीला पाठ, दारापासून सगळ्यात लांब. सगळ्यात उबदार जागा ती. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. आपला तो बाब्या, असं एक जण मोठ्याने म्हणालीसुद्धा. ताईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बहिणीला चांगली जागा नाही द्यायची तर मुकादम होऊन करायचं काय?

आणि त्या कारखान्यात एक म्हण होती. कुठल्या पुस्तकातली नाही, ताईनेच केलेली. "इथून उठला तो बसला." कुणी काम सोडायची भाषा केली की ताई ती हसत हसत ऐकवायची. म्हणीला त्याच थंडीत पुरावेही मिळाले होते. त्याच खोलीत बसणारी शिलाई मशीनवाली बाई काम सोडून गावी गेली, जाताना आपल्या पायांनी जिना उतरली, आणि महिन्याभरात भिंत धरून चालायला लागली. त्याआधी एक म्हातारी, तिचंही तेच. कामात होती तोवर ठणठणीत, घरी बसली आणि खचली. बायका म्हणायच्या, शरीराला कामाची सवय, ती मोडली की शरीर रुसतं. दिसत तर तसंच होतं, म्हणून कुणी जास्त विचार केला नाही.

थंडी ओसरायला लागली तेव्हा एका संध्याकाळी सुतळी एकच चप्पल घालून घरी आली. दुसरी रस्त्यात कुठेतरी पायातून निसटली होती आणि तिला पत्ता नव्हता. दोघी हसून हसून बेजार झाल्या. "पाय झोपलाय गं माझा," सुतळी म्हणाली. पण पाय सकाळीही उठला नाही. बोटांत मुंग्या, मग तळव्यात, मग घोट्यापर्यंत, जसा काही मोजा चढवत न्यावा तसं ते वर येत गेलं. ब्लाउजची बटणं लागेनात. हातोडी हातातून सुटायला लागली. जिना चढताना पाऊल पुढून लोंबायचं आणि पायरीला अडकायचं. एक दिवस तिची कड वाकडी गेली. ताईने तो तुकडा कुणाला न दाखवता पदराखाली घेतला आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून बहिणीला डॉक्टरकडे नेलं.

नसांच्या त्या डॉक्टर बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सुतळीला डोळे मिटायला सांगितले, पायाचा अंगठा धरला आणि विचारलं, वर केलाय की खाली? सुतळीने अंदाजाने उत्तरं दिली आणि सगळी चुकली. मग त्यांनी काम काय करता ते विचारलं. चिकटवायला काय वापरता? किती तास? खिडक्या?

"थंडीमुळे बंद असतात," ताई म्हणाली.

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं ते ताईला पुढे शब्दन् शब्द आठवत राहिलं. सोल्युशन वाळतं म्हणजे कुठे जातं? हवेत जातं, हवेतून छातीत, छातीतून रक्तात. शरीर ते बाहेर टाकायला बघतं, म्हणून यकृत त्याचं रूप बदलतं, आणि ते बदललेलं रूपच नसांना बाधतं. नस म्हणजे नुसती तार नाही. तिच्या आतून मणक्यापासून बोटापर्यंत सारखा माल जात असतो, त्यावर ती जगते. हे विष त्या वाटेत गुंता करतं. नस जागोजागी सुजते, पुढे काही पोचत नाही. "पाणी कमी पडलं की वरच्या मजल्याचा नळ आधी कोरडा पडतो ना, तसं. जी नस सगळ्यात लांब, तिचं टोक आधी उपाशी मरतं. म्हणून आधी पाय, मग हात. आणि उंच माणसाला इतरांच्या आधी."

"वासच नाही हो त्याला," ताई एवढंच म्हणाली.

मग सुतळीला आतल्या खोलीत नसांच्या तपासणीला नेलं, आणि डॉक्टर बाईंनी ताईला बाहेर थांबवलं. "एक गोष्ट नीट ऐका. काम आजपासून बंद. पण बंद केलं म्हणून लगेच बरं वाटणार नाही. जे आत गेलंय त्याचा परिणाम अजून व्हायचाय. दोन महिने, कदाचित तीन, हे वाढतच जाईल. त्या घाबरतील. मग ते थांबेल आणि हळूहळू परत येईल, वर्षभरात बऱ्यापैकी चालतील त्या. फक्त त्या वाफेत पुन्हा जायचं नाही. हे त्यांना समजावून सांगा, मीही सांगते."

"मी सांगते," ताई म्हणाली. "तुम्ही नका सांगू. ती भित्री आहे. माझ्याकडून ऐकलेलं बरं."

आणि ताईने सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? वाईट हेतू होता का? छे. आईचं आजारपण ताईने असंच निभावलं होतं. आईला शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं की पोटात काय आहे, आणि आई शेजारणीशी गप्पा मारता मारता सुखाने गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ताईच्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. शिवाय सुतळी ताप मोजायचा तर डोळे मिटून घेणारी. तिला कसं सांगायचं, की अजून तीन महिने तू रोज कालच्यापेक्षा वाईट होणार? म्हणून घरी जाताना ताई म्हणाली, "आराम सांगितलाय. काम बंद. महिन्याभरात उड्या मारशील."

महिन्याभरात सुतळी काठी घेऊन चालायला लागली. मग दोन्ही भिंती धरून. मांड्यांचं मांस उतरलं. ताट हातात धरता येईना. ताई रोज सकाळी तिचं सगळं आवरायची, डबा उशाशी ठेवायची आणि कामावर जायची. तिथे तिने एक खिडकी उघडायला लावली होती, पण सोल्युशन साय धरतं म्हणून बायका ती हळूच लावून घ्यायच्या, आणि ताईही रेटून धरत नसे. कारण रेटायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं असतं तर ते कटरच्या तोंडून सुतळीपर्यंत गेलं असतं. कटर म्हणजे चामडं कापणारा, त्यांच्याच गल्लीत राहायचा. बोलका माणूस, पोटात काही ठरत नाही असा.

"डॉक्टर म्हणाल्या तरी काय नक्की?" सुतळी विचारायची.

"आराम म्हणाल्या."

"कामावर होते तोवर जिना चढत होते मी. घरी बसले आणि हे असं झालं."

"धीर धर गं. होईल."

दुसरा महिना गेला, तिसरा गेला. ताईला बहीण दिसत होती, आंधळी नव्हती ती. पण तिच्याकडे डॉक्टर बाईंचा शब्द होता. वाढणार, मग थांबणार. रोज थोडं वाढताना बघून ती मनाशी म्हणायची, सांगितल्याप्रमाणेच चाललंय. ज्या शब्दाने बहिणीला धीर यायचा, तो तिने एकटीनेच वापरून टाकला. चौथा महिना लागला, सुतळीचे हात मनगटापासून लोंबायला लागले, बोलताना दम लागायला लागला, तरी ताई म्हणत होती, एखादा महिना इकडेतिकडे होतोच.

मग एका दुपारी ताई चष्मा विसरली म्हणून घरी आली.

आतल्या खोलीचं दार लावलेलं, खिडकी लावलेली. सुतळी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मांड्यांच्या मध्ये सोल्युशनचा डबा. समोर पाटावर चामड्याचे तुकडे. बोटांनी ब्रश धरता येत नव्हता, म्हणून तिने तो फडक्याच्या पट्टीने तळहाताला बांधला होता, आणि आख्खा हात खांद्यातून हलवत ती कडेला सोल्युशन फासत होती. कड कसली, सगळीकडे ओघळ. असला एक तुकडा कुणी ताईपुढे आणला असता तर ताईने त्याचे वाभाडे काढले असते.

"हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस," सुतळी म्हणाली. तिच्या तोंडावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं, उलट ती जरा खुशीतच दिसली. "औषध चाललंय. कटरदादा आणून देतो रोज सकाळी, तू गेलीस की. मीच गळ घातली त्याला. दोन महिने झाले. त्याला काही बोलू नकोस, तो बिचारा माझे बिघडलेले तुकडे स्वतः नीट करून देतो."

"औषध?"

"तूच म्हणायचीस ना, इथून उठला तो बसला. मी उठले आणि बसले. तेव्हाच ओळखलं मी, शरीराला ह्याची सवय झालीय, एकदम तोडलं म्हणून रुसलंय. आता रोज चार तास करते. करताना जरा डोकं हलकं होतं बघ, मुंग्याही कमी वाटतात. येईल हळूहळू ताकद."

ताईने आधी खिडकी उघडली. मग डब्यावर झाकण दाबलं, तो जिन्यात नेऊन ठेवला, परत आली आणि फरशीवरच बसली. बहिणीच्या हाताची पट्टी सोडायला तिने हात पुढे केला, पण गाठ दातांनी ओढून मारलेली होती, सुटत नव्हती.

"वाढणारच होतं ते," ताई गाठीकडे बघत म्हणाली. "काम सोडल्यावर दोन-तीन महिने वाढणार आणि मग थांबणार. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं. मशीनवालीचंही तसंच झालं असणार. काम सोडल्यामुळे नाही. कामामुळेच."

सुतळीने बांधलेला हात मागे ओढून घेतला.

"कधी सांगितलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. तुला आत नेलं होतं तेव्हा."

"आणि मी नुसती घरी बसले असते तर?"

"थांबलं असतं. आत्तापर्यंत परत फिरलं असतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"घाबरली असतीस."

"घाबरले असते," सुतळी म्हणाली. "पण बसले असते."

त्याच संध्याकाळी ताईने तिला दवाखान्यात दाखल केलं. जिन्यावरून कटरने तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. गडी रडत होता. म्हणत होता, मला काय ठाऊक, मला वाटलं जीव रमेल, ताकद येईल, ताई, मला काय ठाऊक. ताई त्याला काय बोलणार? त्याने डबा आणला, पण त्या डब्याला औषध तिच्या म्हणीने केलं होतं.

तपासण्या चालू होत्या त्या दिवसांत ताई एकदा कारखान्यात गेली. तिने फटींतले कागद उपसून काढले, चारही खिडक्या उघडल्या आणि टेबलाच्या टोकाला उभी राहून सगळं सांगितलं. आत काय जातं, नसांचं काय होतं, कुठून सुरू होतं. ज्यांच्या पायांना मुंग्या आहेत त्यांनी उद्यापासून येऊ नका, म्हणाली, सोडल्यावर आधी वाढेल, घाबरू नका, मग थांबेल. बायका माना खाली घालून ऐकत होत्या. मालक म्हणाला, खिडक्या उघडा की, मी कुठे नको म्हणतो, फक्त साय धरून बिघडलेला माल तुम्हाला पुन्हा करून द्यावा लागेल. मग टेबलाशी बसलेली एक जण, जिची हातोडी ताईने आठवड्यात दोनदा पडताना बघितली होती, हळू आवाजात म्हणाली, "ताई, पण तूच तर म्हणायचीस, इथून उठला तो बसला. आणि सुतळी उठली, ती बसलीच की." ताईने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. कुणी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी चौदातल्या तेरा जणी कामावर आल्या, आणि चौदावी सुतळीच होती.

डॉक्टर बाईंनी या वेळीही ताईला बाहेर बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर ताईला बरं वाटलं असतं. त्यांनी कागद पुढे धरून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "मी येऊ का सांगायला?"

"नको," ताई म्हणाली. "मीच सांगणार."

सुतळी उशीला टेकून बसली होती. दोन्ही हात चादरीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखे. ताई खुर्ची ओढून बसली.

"काय म्हणाल्या?" सुतळीने विचारलं. "आणि या वेळी सगळं."

"हात येतील. दीड-दोन वर्षं लागतील. कामाचा हात नाही येणार, पण चमचा धरशील. दम लागतो तो कमी होईल."

"आणि पाय?"

ताईच्या जिभेवर नेहमीचं सगळं तयार होतं. बघू. हिंमत सोडू नको. डॉक्टर काय, सांगतात काहीही. आयुष्यभर तिने हेच तर वाटलं होतं सगळ्यांना. तिने ते सगळं गिळलं.

"पाय नाही," ती म्हणाली. "आधी फक्त नसा होत्या, नसा परत वाढतात. आता मणक्यातही गेलंय, तिथलं परत येत नाही. चालता येणार नाही तुला."

सुतळी आपल्या पायांकडे बघत होती. चादरीखाली ते दोन्ही पलंगाच्या टोकापर्यंत पोचलेले, लांबच्या लांब. ताईला वाटलं, आता ती रडेल, आणि रडली तर जवळ घ्यायचं, एवढंच काय ते आपल्या हातात उरलंय. पण सुतळी रडली नाही.

"हे नसतं सांगितलंस तरी चाललं असतं, ताई," ती म्हणाली. "ते सांगायला हवं होतं."

मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं. तेवढं अजून तिला कुणाच्या मदतीशिवाय जमत होतं.